डिस्ने वर्ल्डला एकट्याने जायचंय? मग कामांचा क्रम चुकवू नका

ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला एकटे जाणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. कुठल्यातरी चौकोनी कुटुंबाने आखलेलं वेळापत्रक हाती लागतं आणि त्याला चाराने भागलं की आपलं नियोजन झालं, असं त्यांना वाटतं. पण खोलीचं भाडं चाराने भागलं जात नाही. रांगेत जागा धरायला कोणी नसतं. खाण्याची ट्रे आणेपर्यंत टेबल सांभाळणारंही कोणी नसतं. उलट काही सोयी फक्त एकट्यालाच मिळतात आणि उसन्या वेळापत्रकात नेमक्या त्याच नसतात.

हा लेख भारतातून जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत असलेल्यांसाठीही. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही चार स्वतंत्र पार्क आहेत. ती एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत आणि प्रत्येकाला पूर्ण एक दिवस लागतो. शिवाय दोन वॉटर पार्क आहेत. ‘मायामीला जाताना एक दिवस उरकून टाकू’ हा बेत असेल तर एकच पार्क निवडा आणि बाकीची विसरा.

## १. व्हिसा आणि तारखा

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारा एकही रुपया खर्च करू नये. पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी पटकन मिळते, कधी कित्येक महिने थांबावं लागतं. आधी विमानाचं तिकीट आणि मग व्हिसा हा उलटा क्रम अजूनही पुष्कळ जण धरतात.

तारखा ठरवताना अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्या बघा. नाताळ ते नवं वर्ष, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मार्चपासून ईस्टरपर्यंतचा स्प्रिंग ब्रेक या काळात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर त्या मानाने रिकामा असतो, पण उकाडा आणि दुपारचा गडगडाटी पाऊस सोसावा लागतो. वादळांचा अधिकृत हंगामही १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. एकट्याला कोणाच्या शाळेची सुट्टी सांभाळायची नसते, तेव्हा त्याचा फायदा घ्या. माझं मत विचाराल तर जानेवारीचा उत्तरार्ध. हवा गार असते, पार्क मात्र थोडी लवकर बंद होतात.

आणखी एक युक्ती. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या काही रात्री मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी ६ वाजता बाहेर पडावं लागतं. त्यामुळे अनेक कुटुंबं तो दिवस टाळतात आणि दिवसा रांगा आखूड असतात. आतषबाजी दुसऱ्या रात्री बघायची तयारी असेल तर एकट्यासाठी हा उत्तम दिवस. मात्र नकळत हाच दिवस निवडलात तर आतषबाजी हुकेल, म्हणून पार्ट्यांच्या तारखा आधी बघून घ्या.

## २. मुक्काम: सगळ्यात मोठा खर्च इथे आहे

डिस्नेच्या हॉटेलांत खोलीचा दर दोन प्रौढांना धरून असतो. एकटे राहिलात म्हणून तो कमी होत नाही. त्यामुळे एकट्याच्या सहलीत तिकिटापेक्षा खोलीच अंदाजपत्रक बिघडवते. बचत करायची तर इथेच करा.

स्वस्त गटात ऑल-स्टारची तीन हॉटेलं, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही येतात. एकट्यासाठी माझी पसंती पॉप सेंच्युरीला. ऑल-स्टारपेक्षा भाडं थोडं जास्त, पण तिथे स्कायलायनरचं स्टेशन आहे. या रोपवेने कॅरिबियन बीचच्या स्टेशनवर पाळणा बदलून हॉलिवूड स्टुडिओजला किंवा एपकॉटला जाता येतं. बसची वाट पाहण्याचा वेळ चारपैकी दोन पार्कांसाठी वाचतो. ऑल-स्टारहून सगळीकडे बसच.

डिस्नेच्या हॉटेलात राहिल्याने दोन ठोस फायदे मिळतात. चारही पार्कांत रोज इतरांपेक्षा ३० मिनिटं आधी प्रवेश, आणि पुढे सांगितलेली लायटनिंग लेन ७ दिवस आधी निवडण्याची मुभा. बाहेरच्यांना ती ३ दिवस आधी मिळते. बाहेरचं हॉटेल निम्म्या दरात मिळत असेल तर हे फायदे सोडायला हरकत नाही, पण मग रोजचं उबर किंवा पार्किंगचं भाडं हिशेबात धरा. त्या भागातली बरीच हॉटेलं खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ही लावतात. तुलना करताना शेवटची, करासहितची रक्कम बघा.

सावधान: खोली आणि तिकीट एकत्र पॅकेज म्हणून घेतलंत तर रद्द करण्याचे नियम कडक होतात. तारखा हलण्याची शक्यता असेल तर खोली वेगळी आणि तिकीट वेगळं घ्या.

## ३. तिकीट

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. एका दिवसाचं तिकीट ११९ डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळाच्या आसपास मॅजिक किंगडमसाठी २०० डॉलरच्या घरात जातं. वर कर वेगळा. दिवस वाढवले की दर दिवसामागचा खर्च उतरतो. म्हणून दोन-दोन दिवसांची वेगळी तिकिटं घेण्यापेक्षा चार दिवसांचं एकच घ्या.

एका दिवसात दोन पार्क फिरण्यासाठी ‘पार्क हॉपर’ लागतं आणि त्याला जास्त पैसे पडतात. कुटुंबांसाठी ते बहुधा वाया जातं, कारण मुलं दमतात. एकट्याला मात्र ते वसूल करता येतं. हॉलिवूड स्टुडिओजहून एपकॉटला बोर्डवॉकच्या बाजूने चालत अर्ध्या तासात पोचता येतं. सकाळी एका पार्कात राइड्स, संध्याकाळी एपकॉटच्या तळ्याकाठी जेवण, असा दिवस एकट्यालाच जमतो. पहिल्यांदाच आणि चारच दिवसांसाठी जात असाल तर मात्र हॉपर नको.

कोणाचं उरलेलं, अर्धं वापरलेलं तिकीट स्वस्तात घेऊ नका. प्रवेशद्वारावर पहिल्या दिवशी बोटाचा ठसा तिकिटाशी जोडला जातो आणि तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

तिकीट हाती आलं की त्याच दिवशी डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडून तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दोन्ही जोडा. भारतीय कार्डाने पैसे भरणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि त्यांची मर्यादा किती आहे, हे आधीच बघून घ्या.

तपासणी: अ‍ॅपमध्ये तिकीट दिसतंय का? हॉटेलच्या तारखा दिसताहेत का? नाव पासपोर्टप्रमाणे आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा. पुढचं सगळं याच खात्यावर चालतं.

## ४. ६० दिवस आधी: जेवणाची टेबलं

बसून जेवायच्या उपाहारगृहांची आरक्षणं ६० दिवस आधी, तिथल्या पहाटे ६ च्या सुमारास उघडतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी मुक्कामाच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं घेता येतात.

भारतातून करणार असाल तर वेळ नीट मांडून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ऑरलँडो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, बाकीच्या काळात साडेदहा तास. म्हणजे तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन किंवा साडेचार. यात एका तासाचा घोळ फार जणांचा होतो.

एका माणसासाठी शोधलं की अनेक ठिकाणी टेबल दिसतच नाही. म्हणून दोघांसाठी घेऊन एकटं जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आगाऊ पैसे घेणाऱ्या ठिकाणी रिकाम्या खुर्चीचेही पैसे जातात. इतर ठिकाणी न आलेल्या माणसामागे दंड लागू शकतो. त्यापेक्षा तीन गोष्टी करा. रोज अधूनमधून पुन्हा शोधा, कारण लोक आरक्षणं सोडत असतात. त्या दिवशी उपाहारगृहाजवळ पोचल्यावर अ‍ॅपमधून प्रतीक्षायादीत नाव घाला. आणि बारच्या काउंटरवर बसून जेवायला मिळेल का, असं सरळ विचारा. काउंटरची एक खुर्ची बऱ्याचदा लगेच मिळते आणि खाण्याची यादी बहुतेक ठिकाणी तीच असते.

सगळ्या सहलीत एक-दोन टेबलं पुरेत. एकटं असताना रोज दीड तास टेबलावर बसणं कंटाळवाणं होतं, आणि दोन आरक्षणांमध्ये दिवस अडकतो तो वेगळाच.

## ५. ७ दिवस आधी: लायटनिंग लेन

पैसे देऊन आखूड रांगेतून जाण्याची ही सोय. सध्याच्या स्वरूपात ती जुलै २०२४ मध्ये आली, तेव्हा जुन्या ‘जिनी प्लस’च्या सूचना कुठे दिसल्या तर सोडून द्या. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत आणि त्यांचीच गल्लत होते.

‘मल्टी पास’मध्ये एका पार्कातल्या तीन राइड्स वेळेसकट आधी निवडता येतात. त्यातली एक वापरली की अ‍ॅपमधून पुढची एक घ्यायची. ‘सिंगल पास’ म्हणजे एकाच मोठ्या राइडसाठीचं वेगळं शुल्क. मॅजिक किंगडममधली ट्रॉन, एपकॉटची कॉस्मिक रिवाइंड, हॉलिवूड स्टुडिओजची राइझ ऑफ द रेझिस्टन्स आणि अ‍ॅनिमल किंगडमची फ्लाइट ऑफ पॅसेज या मल्टी पासमध्ये येत नाहीत. मल्टी पास घेतला म्हणजे सगळं आलं, अशी समजूत करून रांगेच्या दारातून परत फिरणारे रोज दिसतात.

निवड तिथल्या सकाळी ७ वाजता उघडते. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेचार (त्यांच्या हिवाळ्यात साडेपाच). डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांनी मुक्काम सुरू होण्याच्या बरोबर ७ दिवस आधी बसायचं. एकाच बैठकीत मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचं उरकतं.

एकट्याने कुठे पैसे घालावेत? मॅजिक किंगडमला मल्टी पास घ्या, तिथे राइड्स पुष्कळ आहेत आणि सिंगल रायडरची, म्हणजे एकट्यांसाठीची वेगळी रांग एकही नाही. हॉलिवूड स्टुडिओजला गर्दीच्या दिवशी घ्या. अ‍ॅनिमल किंगडमला घेऊ नका, सकाळी लवकर पोचलात तर गरजच पडत नाही. एपकॉटला कॉस्मिक रिवाइंडचा सिंगल पास पुरतो. चौघांच्या कुटुंबाला हा खर्च चौपट पडतो, म्हणून त्यांना हात आखडता घ्यावा लागतो. तुमच्या बाबतीत तसं काही नाही. शिवाय दिवसभरात सुटणारी एखादी जागा चौघांना उपयोगी नसते, एकट्याला असते. रांगेत उभ्या उभ्या अ‍ॅप ताजं करत राहा.

## ६. बॅग

एकट्याची बॅग दिवसभर एकट्याच्याच पाठीवर असते. छोटी घ्या. बहुतेक राइड्सवर ती पायाशी ठेवता येते. ट्रॉनसाठी मोफत लॉकर आहेत.

- पॉवर बँक. तिकीट, नकाशा, खाणं, खोलीची किल्ली सगळं फोनवर आहे. फोन बंद पडला तर दुसऱ्याचा फोन मागायला शेजारी कोणी नाही.
- मापाला रुळलेले बूट. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते. नवे बूट नेऊ नका.
- घरून नेलेला रेनकोट. आत मिळणारा महाग असतो.
- मोकळी पाण्याची बाटली. काउंटरवर खाणं मिळतं त्या ठिकाणी बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, मागितला तर.
- रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या सामानात.
- कोरडं खाणं. पार्कात बाहेरचं खाणं नेलेलं चालतं, काचेच्या बाटल्या आणि दारू मात्र नाही. भाकरवडी, चिवडा, दशम्या खुशाल न्या. अमेरिकेत उतरताना कस्टम्सच्या प्रश्नाला ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं खरं सांगा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका.

सेल्फी स्टिक घरी ठेवा. २०१५ पासून ती पार्कात चालत नाही. फोटोची काळजी नको, ठिकठिकाणी उभे असलेले डिस्नेचे छायाचित्रकार तुमच्या फोनवरही एक काढून देतात, फक्त विनंती करा. १४ वर्षांवरच्यांना पात्रांचे पोशाख घालून येता येत नाही. हे माहीत नसलेले हौशी लोक दरवर्षी दारात अडकतात.

## ७. पोचण्याचा दिवस

मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून जाणार असाल तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावर होतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. मध्ये किमान तीन तास ठेवा. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने येणाऱ्यांनी पासपोर्ट सोबत घ्यावा. ७ मे २०२५ पासून साधं वाहन परवान्याचं कार्ड पुरत नाही, ते ‘रिअल आयडी’ दर्जाचं लागतं.

विमानतळावरून डिस्नेची जुनी मोफत बस २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झाली, जुने लेख मात्र अजून ती सांगतात. आता पैसे भरून शटल किंवा उबर-लिफ्ट. एकट्याला शटल स्वस्त पडतं, पण ते वाटेत थांबत जातं. रात्री उशिरा उतरणार असाल तर गाडीच घ्या आणि बसण्याआधी नंबरप्लेट अ‍ॅपशी ताडून बघा.

या दिवशी पार्कचं तिकीट लावू नका. विमान दोन तास उशिरा आलं तर शंभरावर डॉलर पाण्यात. संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्जला जा. तिथे प्रवेश फुकट आहे, जेवण मिळतं, पायही मोकळे होतात.

तपासणी: झोपण्याआधी घरी तीन गोष्टी पाठवा: हॉटेलचं नाव आणि खोली क्रमांक, रोज कुठल्या पार्कात असाल ते, आणि प्रवास विम्याची प्रत. अमेरिकेतली रुग्णवाहिकासुद्धा हजार डॉलरच्या घरातलं बिल देऊ शकते. विम्याशिवाय एकट्याने जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

## ८. कुठलं पार्क कधी

इथे भारतातून येणाऱ्यांसाठी वेगळा क्रम सांगतो. पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनला जाग येते आणि दुपारी चारला डोळे मिटायला लागतात. मॅजिक किंगडमची आतषबाजी रात्री असते. ते पार्क पहिल्या दिवशी ठेवलं की माणूस किल्ल्यासमोरच्या कट्ट्यावर पेंगतो.

पहिला दिवस, अ‍ॅनिमल किंगडम. हे पार्क इतरांपेक्षा लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं, तुमच्या झोपेच्या वेळा अगदी जुळतात. आत शिरताच फ्लाइट ऑफ पॅसेज, मग लगेच किलिमांजारो सफारी, कारण सकाळी प्राणी हिंडत असतात. दुपारी महाराजा जंगल ट्रेकवर वाघ बघा. हा भाग ‘आनंदपूर’ नावाच्या काल्पनिक राज्याचा आहे. तिथल्या जुनाट भिंतींवरच्या पाट्या आणि जाहिराती वाचत एकट्याने फिरायला मजा येते, बरोबर कोणी असतं तर घाई केली असती.

दुसरा दिवस, हॉलिवूड स्टुडिओज. सकाळी राइझ ऑफ द रेझिस्टन्स किंवा स्लिंकी डॉग डॅश, दोन्हींपैकी जिचा पास नाही ती आधी.

तिसरा दिवस, मॅजिक किंगडम. एव्हाना झोप सुधारलेली असते. लवकरच्या प्रवेशात इथे फँटसीलँड आणि टुमॉरोलँड एवढेच भाग उघडतात. दुसरीकडे धावत गेलात तर दोरीपाशी उभं राहावं लागेल. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन किंवा ट्रॉनपासून सुरुवात करा.

चौथा दिवस, एपकॉट. सकाळी समोरच्या भागातल्या राइड्स. अकरा देशांचे मंडप असलेला वर्ल्ड शोकेस साधारण ११ वाजता उघडतो, तळ्याभोवतीची फेरी जवळपास दोन किलोमीटरची आहे. इथे मद्य घ्यायचं असेल तर मूळ ओळखपत्र लागतं, परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट. फोनमधला फोटो चालत नाही.

अमेरिकेतूनच जाणाऱ्यांनी क्रम आठवड्याच्या वारानुसार लावावा आणि मॅजिक किंगडम शनिवारी-सोमवारी टाळावं.

सावधान: उबर तुम्हाला मॅजिक किंगडमच्या दारात सोडत नाही. ती तळ्यापलीकडच्या वाहतूक केंद्रावर सोडते, तिथून मोनोरेल किंवा बोट. लवकरच्या प्रवेशासाठी अर्धा तास जास्त धरा. हॉटेलची बस मात्र थेट दाराजवळ जाते. स्कायलायनर विजांच्या वेळी बंद ठेवतात, म्हणून पावसाळी संध्याकाळी बसचा पर्याय डोक्यात असू द्या.

सकाळी दारात पोचायची वेळ: लवकरच्या प्रवेशाच्या आधी अर्धा-पाऊण तास. सकाळचे पहिले दोन तास दुपारच्या चार तासांच्या तोडीचे असतात. दुपारी १ ते ४ खोलीवर जाऊन झोपा, एकट्याला ‘आता परत कुठे जायचं’ म्हणून कुरकुरणारं कोणी नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारी वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि लेकुरवाळे लोक हॉटेलकडे निघतात. तुम्ही थांबा. छताखालचा एखादा शो बघा, तासाभराने पाऊस ओसरला की रांगा आखडलेल्या मिळतात.

## ९. सिंगल रायडर: नीट वापरा

ही रांग फुकट आहे. जोड्यांच्या किंवा तिघांच्या गटांमुळे उरलेली एखादी खुर्ची भरण्यासाठी ती असते. एक्स्पिडिशन एव्हरेस्टच्या डब्यात दोन-दोनच्या ओळी आहेत. तिघांचं कुटुंब आलं की एक जागा उरते, ती तुमची. म्हणून तिथे ही रांग भराभर सरकते.

हॉलिवूड स्टुडिओजमधल्या स्मगलर्स रनचं वेगळं आहे. एका कॉकपिटमध्ये सहा जण: दोन पायलट, दोन तोफा चालवणारे, दोन इंजिनिअर. सिंगल रायडरला बहुधा मागचं इंजिनिअरचं काम मिळतं, कारण यान चालवायची हौस प्रत्येक कुटुंबाला असते. पायलट व्हायचं असेल तर पहिली फेरी साध्या रांगेतून करा, दुसरी सिंगल रायडरने.

तीन गोष्टी लक्षात असू द्या. या रांगेत सजावट आणि आधीचे छोटे शो बरेचदा वगळले जातात, तेव्हा राइड पहिल्यांदाच करत असाल तर विचार करा. ही रांग कधीही बंद ठेवतात, तिच्यावर वेळापत्रक बेतू नका. आणि ती नेहमी जलद असतेच असं नाही, म्हणून दारातल्या कर्मचाऱ्याला ‘आत्ता किती वेळ?’ असं विचारूनच शिरा.

साध्या रांगेतही चढण्याच्या ठिकाणी कर्मचारी ‘एकटं कोणी आहे का?’ असं पुकारतात. बोट वर करा, पाच-सात जण ओलांडून पुढे जाल. इयरफोन कानात घालून उभे राहणाऱ्यांची ही संधी हमखास जाते.

तपासणी, रांगेत शिरण्याआधी: स्वच्छतागृहात जाऊन आलात का? बाटली भरलेली आहे का? एकदा बाहेर पडलात की जागा गेली. ७० मिनिटांच्या रांगेत पन्नासाव्या मिनिटाला हे कळणं फार त्रासाचं.

## १०. पार्कातलं खाणं

काउंटरच्या ठिकाणी अ‍ॅपवरून मागणी नोंदवा. वेळ निवडा, तिथे पोचा, मगच ‘आलो आहे’ हे बटण दाबा. दुरूनच दाबलं तर खाणं निवून जातं. बारा ते दीडची वेळ टाळून पावणेअकराला किंवा अडीचला जेवा.

एकट्यासाठी क्रम असा: आधी ट्रे घ्या, मग टेबल शोधा. बॅग ठेवून टेबल अडवू नका. बेवारस बॅग दिसली की सुरक्षारक्षक येतात.

शाकाहाऱ्यांनी यादीत पानाचं चिन्ह बघावं. त्या पदार्थात मांस, दूध, अंडी, मध यांपैकी काही नसतं. चिन्ह नसलेल्या सूपमध्ये किंवा भातात चिकनचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘मीटबॉल’, ‘चिली’ अशा नावांपाशी थांबून चौकशी करावी. अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा बाउल चांगला मिळतो. आणि एखादं टेबल राखायचंच असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सानाचं राखा, दुपारचं. नान, पराठ्याच्या जातीच्या रोट्या आणि नऊ चटण्या-लोणच्यांचं ताट आहे, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. ताट एकट्याला संपत नाही, उरलेलं बांधून घ्या. पार्काच्या दारातून तिथे बसने जावं लागतं, चालत नाही.

## ११. तब्येत आणि सुरक्षितता

प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे. डोकेदुखीची गोळी, फोडांना पट्टी, थोडा वेळ पडायला खाट, सगळं मोफत. चक्कर येतेय असं वाटलं तर खोली गाठायचा हट्ट न करता जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. कॉस्मिक रिवाइंड गोल फिरते, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधी घ्यावी आणि भरल्या पोटी बसू नये.

परिसर सुरक्षित आहे, तरी एकट्या बाईने किंवा पुरुषाने रांगेत ओळख झालेल्या माणसाला हॉटेलचं नाव, खोली क्रमांक सांगू नये. ‘एकटेच आलात?’ या प्रश्नाला ‘मंडळी पुढे गेलीत’ हे उत्तर चालतं. बस पार्क बंद झाल्यानंतरही तासभर असतात. आतषबाजी संपताच निघालेल्या लोंढ्यात न शिरता अर्धा तास दुकानांत रेंगाळा, मग बसायला जागा मिळते. फोन २० टक्क्यांवर आला की फोटो थांबवा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एकट्या माणसाला जरा उदास वाटतं, बहुधा भुकेने. खा, बसा, घरी फोन करू नका: भारतात तेव्हा रात्रीचे अडीच (त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन) वाजलेले असतात.

## १२. निघण्याचा दिवस

खोली सकाळी ११ पर्यंत सोडायची. बॅगा हॉटेलच्या बेल सर्व्हिसकडे ठेवता येतात, त्याला शुल्क नाही, आणलेल्या माणसाला एक-दोन डॉलर टीप द्यायची पद्धत आहे. विमान रात्रीचं असेल तर दुपारपर्यंत एखाद्या पार्कात जाता येतं, पण तिकिटाचा एक दिवस शिल्लक असेल तरच. नवीन तिकीट काढून तीन तासांसाठी जाऊ नका. ऑरलँडो विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग सुट्टीच्या दिवसांत लांब असते, म्हणून आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचा. खोलीवर लागलेल्या खर्चाचं बिल निघण्याआधी अ‍ॅपमध्ये तपासा. चूक काउंटरवर लगेच दुरुस्त होते, पुण्याला पोचल्यावर इमेलवर महिना जातो.